लिहून घेणार कोण?

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसलं, तर एक गोष्ट ध्यानात येते. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा हे सगळं तो सवयीनं झरझर उतरवतो, पण नावांपाशी त्याचा हात सावकाश होतो. आधारकार्ड मागून घेतो, अक्षर न अक्षर ताडून पाहतो, ‘ऊर्फ’ असेल तर तेही लिहितो. ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ ही दोन नावं पक्की झाली की खाली एक ठरलेली ओळ येते: यापुढे या दस्तात जिथं ‘लिहून घेणार’ असा उल्लेख येईल, तिथं त्यांचे वालीवारस, मुखत्यार आणि उत्तराधिकारी यांचाही समावेश समजावा. पुढची सगळी पानं या ओळीवर उभी असतात. नाव चुकलं तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, आणि तो राहून गेला तर नातवंडांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता दुसरं दृश्य. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कितीतरी गावांमध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा उल्लेख असलेल्या पाट्या दिसतात. शेततळं, ठिबक, बंधारा अशी कामं, आणि प्रकल्पाच्या नावाला जोडून आलेले शब्द: जागतिक बँक अर्थसहाय्यित. अशाच एका पाटीजवळ उभं असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, “ही बँक कुणाची हो? तालुक्याला हिची शाखा कुठं आहे?” मी म्हणालो, “अमेरिकेत असते, आजोबा.” त्यांनी थोडा विचार केला. “मग कामात काही चुकलं तर माणसानं तिथं जायचं का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. शोधायला गेलो तेव्हा कळलं, की पाटीवरचं नाव कर्जाच्या कागदावर धनको म्हणून लिहिलेलंच नाही. २०१८ साली या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज झालं, त्यातला धनको आहे ‘इंटरनॅशनल बँक फॉर रिकन्स्ट्रक्शन अँड डेव्हलपमेंट’, म्हणजे आंतरराष्ट्रीय पुनर्रचना आणि विकास बँक. इंग्रजी आद्याक्षरांनी आयबीआरडी.

कर्जकरारात धनकोची व्याख्या करणारी ओळ मला त्या कराराची सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. पैसा कोणत्या खिशातून येतो, त्यावर कोणता कायदा चालतो, वसुलीचा हक्क पुढं कुणाकडे जातो आणि नुकसान झालेल्या माणसानं कोणत्या दारावर थाप मारायची, या चारही प्रश्नांची उत्तरं तिथून सुरू होतात. म्हणून ती ओळ नेमकी असली पाहिजे, आणि ज्यांच्या गावात तो पैसा खर्च होतो त्यांना ती त्यांच्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे.

एक टोपणनाव, अनेक संस्था

‘जागतिक बँक’ हे रुळलेलं टोपणनाव आहे. त्यामागची पहिली संस्था जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वूड्स इथल्या परिषदेत ठरली. ४४ देशांचे प्रतिनिधी तिथं होते. भारत अजून स्वतंत्र झाला नव्हता, तरी त्याचं शिष्टमंडळ होतं आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नात्याचे. २७ डिसेंबर १९४५ रोजी स्थापना-करार अमलात आला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांची पुनर्रचना आणि मागे राहिलेल्या देशांचा विकास, हे दोन्ही हेतू त्याच्या पहिल्याच कलमात आहेत आणि संस्थेच्या नावातही. १९४७ साली पहिलं कर्ज फ्रान्सला गेलं, २५ कोटी डॉलरचं. भारताला पहिलं कर्ज १९४९ मध्ये रेल्वेसाठी मिळालं, ३ कोटी ४० लाख डॉलरचं.

मग भावंडं जन्मली. १९५६ मध्ये ‘इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन’, म्हणजे आयएफसी, जी खासगी कंपन्यांना सरकारच्या हमीशिवाय पैसा देते. १९६० मध्ये ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंट असोसिएशन’, म्हणजे आयडीए, गरीब देशांना सवलतीनं पैसा देण्यासाठी. पुढं गुंतवणुकीच्या हमीसाठी एक आणि गुंतवणुकीच्या तंट्यांसाठी एक अशा आणखी दोन. पाचही मिळून जागतिक बँक समूह. त्यातल्या आयबीआरडी आणि आयडीए या दोघींना मिळून ‘जागतिक बँक’ म्हणायची रीत पडली.

आपल्या कायद्यानं मात्र या संस्था एक मानल्या नाहीत. पहिल्या बँकेसाठी १९४५ चा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व बँक कायदा झाला, आयएफसीसाठी १९५८ चा आणि आयडीएसाठी १९६० चा. मनिलाची आशियाई विकास बँक आली तेव्हा १९६६ मध्ये तिच्यासाठी निराळा कायदा करावा लागला. खटल्यांपासून संरक्षण, कर-सवलती, कागदपत्रांची अभेद्यता असे विशेष हक्क द्यायचे तर ते कुणाला देतोय हे नाव घेऊन सांगावं लागतं. कायद्यानं ते प्रत्येक वेळी सांगितलं. गावातली पाटी ते सांगत नाही.

एक धरण, दोन धनको

हा फरक किती खरा आहे हे पाहायला कोयनेला जावं. कोयनेच्या वीज प्रकल्पासाठी १९५९ साली आयबीआरडीनं कर्ज दिलं आणि १९६२ साली आयडीएनं दिलं. धरण तेच, नदी तीच, पैशावर देखरेख ठेवणारे अधिकारीही वॉशिंग्टनमधल्या त्याच इमारतीतले. पण पहिलं कर्ज बाजारातून उभारलेल्या पैशाचं, व्याजानं फेडायचं. दुसऱ्याला आयडीए ‘क्रेडिट’ म्हणते. त्या काळी त्यावर व्याज नव्हतं, पाऊण टक्का सेवाशुल्क तेवढं होतं, आणि पहिली दहा वर्षं सूट धरून फेडीला पन्नास वर्षं. एकाच भिंतीच्या सिमेंटमधला एक भाग दोन पिढ्यांनी सावकाश फेडायचा होता आणि दुसरा लवकर. कोणता पैसा कोणत्या अटींचा, हे धनकोच्या नावावरून ठरत होतं.

आयडीएच्या स्थापना-करारात स्पष्ट लिहिलं आहे, की ही संस्था बँकेहून वेगळी आणि स्वतंत्र आहे आणि तिचा पैसा बँकेच्या पैशापासून अलग ठेवला जाईल. जुन्या करारांच्या शेवटच्या पानावर हे वेगळेपण डोळ्यांना दिसतं. सूचना पाठवण्याचा पत्ता दोघींचा एकच, १८१८ एच स्ट्रीट, वॉशिंग्टन. तारेचा पत्ता मात्र निराळा: बँकेचा ‘इंटबाफ्रॅड’ आणि असोसिएशनचा ‘इंडेव्हास’. टपाल एका दारातून आत जायचं, तार पाठवताना मात्र आपण कुणाशी बोलतोय हे ठरवावं लागायचं.

या वेगळेपणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. बँकेच्या कर्जांना लागू असणाऱ्या ‘सर्वसाधारण अटीं’मध्ये ‘बँक’ आणि ‘असोसिएशन’ या दोन्ही संज्ञांची व्याख्या असते. का? कारण कर्जदारानं असोसिएशनशी केलेल्या दुसऱ्या एखाद्या करारात कसूर केली आणि असोसिएशननं त्या करारातला पैसा थांबवला, तर बँक आपलाही पैसा थांबवू शकते. उलटही तसंच. दोघींचा पैसा अलग ठेवायचा हे एका कागदावर, आणि एकीशी बिनसलं तर दुसरीनंही हात आखडता घ्यायचा हे दुसऱ्या कागदावर. यात लबाडी नाही. सावध सावकार असंच करतो. पण व्याख्या न वाचणाऱ्या कर्जदाराला आपण एकीशी बांधलो गेलोय की दोघींशी, हे कळत नाही.

पहिल्या पानावर कोण नाही

जुन्या कराराचं पहिलं पान मी मुद्दाम पुन्हापुन्हा वाचतो. त्याचा साचा साधारण असा: अमुक तारखेचा हा करार, एका बाजूला भारत, आपल्या राष्ट्रपतींमार्फत वागणारा, ज्याला यापुढे ‘कर्जदार’ म्हटलं आहे, आणि दुसऱ्या बाजूला इंटरनॅशनल बँक फॉर रिकन्स्ट्रक्शन अँड डेव्हलपमेंट, जिला यापुढे ‘बँक’ म्हटलं आहे. दोनच नावं.

महाराष्ट्राचं नाव इथं नाही. राज्यघटनेच्या २९३व्या अनुच्छेदानं राज्यांना कर्ज काढायची मुभा दिली ती भारताच्या हद्दीतच. परदेशातून कर्ज काढायचं तर केंद्र काढतं आणि राज्याला देतं. राज्य येतं ते ‘प्रकल्प करार’ नावाच्या वेगळ्या कागदावर, काम नीट करण्याचं वचन देणारं म्हणून. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, शेतकरी गट हे त्याहून खाली, परिशिष्टांतल्या ‘लाभार्थी’ या शब्दात. फेडीचा भार शेवटी राज्याच्या तिजोरीवर येतो, जमीन गावाची जाते, पण लिहून देणारा दिल्लीत असतो आणि लिहून घेणारा वॉशिंग्टनमध्ये.

‘बँक’ या शब्दाची व्याख्या झाली की तिच्याबरोबर बरंच काही कागदावर येतं. सर्वसाधारण अटी सांगतात, की या करारातले हक्क आणि जबाबदाऱ्या कोणत्याही देशाच्या कायद्यात उलट काही असलं तरी आपल्या शब्दांनुसार बंधनकारक राहतील. तंटा झाला तर तो लवादाकडे जाईल. बँकेच्या स्थापना-कराराचा आधार घेऊन करारातलं एखादं कलम अवैध ठरवायचा प्रयत्न दोघांपैकी कुणीही करायचा नाही. सदस्य देशांशी झालेले असे करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवले जातात, जसे दोन राष्ट्रांमधले तह नोंदवले जातात. आपल्याकडे सावकाराच्या कागदाला सावकारी नियंत्रण कायदा लागू होतो आणि सहकारी बँकेच्या कागदाला सहकार कायदा. या कागदाला लागू होतो तो जवळपास राष्ट्रांमधला कायदा, आणि तो लागू होतो कारण पहिल्या पानावर लिहून घेणार म्हणून ते विशिष्ट नाव आहे. तिथं एखादी व्यापारी बँक असती तर यातलं फारसं काही टिकलं नसतं.

म्हणून धनकोच्या व्याख्येत त्याचं पूर्ण नाव पुरेसं नाही. तो कोणत्या भूमिकेत उभा आहे हेही हवं. पर्यावरणविषयक जागतिक निधीतून अनुदान येतं तेव्हा तीच आयबीआरडी सही करते, पण त्या निधीची अंमलबजावणी संस्था म्हणून. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की अशा अनुदान-करारांत ‘वर्ल्ड बँक’ हा शब्द खरोखर वापरला जातो. तो चालतो, कारण तिथं त्याला लगेच व्याख्येनं बांधलेलं असतं: वर्ल्ड बँक म्हणजे अमुक संस्था, अमुक निधीची अंमलबजावणी करणारी. टोपणनावाला माझा विरोध नाही. व्याख्येशिवाय सुटलेल्या टोपणनावाला आहे.

कोणत्या दारावर थाप मारायची

म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. काही चुकलं तर माणसानं कुठं जायचं?

१९८५ साली सरदार सरोवरासाठी आयबीआरडी आणि आयडीए मिळून ४५ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. पाण्याखाली गेलेली पहिली गावं सातपुड्यातली होती, त्यात नर्मदाकाठचं मणिबेली, तेव्हा धुळे जिल्ह्यात आणि आज नंदुरबारमध्ये असलेलं. करारात पुनर्वसनाची वचनं होती, पण ती भारतानं आणि राज्यांनी बँकेला दिलेली होती. मणिबेलीचा माणूस त्या करारात पक्ष नव्हता. बँकेनं स्वतःच्या अटी पाळून घेतल्या नाहीत असं त्याला म्हणायचं असेल, तर ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या तिच्या अहवालानं बँकेवरही ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नको असं कळवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेनं तपासणी मंडळ, इन्स्पेक्शन पॅनेल, स्थापन केलं. जगातला कुठलाही बाधित समूह आता थेट तक्रार करू शकत होता. हे दार उघडण्यात सातपुड्यातल्या आदिवासींचा मोठा वाटा आहे, आणि ही गोष्ट मराठी शाळांमधून शिकवली जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दहा वर्षांनी मुंबईनं ते दार वाजवलं. २००२ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात पुन्हा दोन धनको होते: आयबीआरडीचं सुमारे ४६ कोटी ३० लाख डॉलरचं कर्ज आणि आयडीएचं सुमारे ७ कोटी ९० लाखांचं क्रेडिट. रस्ते आणि रेल्वेसाठी हलवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये पॅनेलकडे तक्रारी केल्या. पॅनेलनं चौकशी करून दोष दाखवले. १ मार्च २००६ रोजी रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांचा पैसा बँकेनं थांबवला आणि सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनअखेर पुन्हा सुरू केला. सगळ्यांचे प्रश्न सुटले असा दावा कुणी करणार नाही. पण कुर्ल्याच्या गाळेधारकाला वॉशिंग्टनमध्ये ऐकून घेणारा एक कान होता, आणि तो होता कारण धनको आयबीआरडी आणि आयडीए होते.

आता तिसरं ठिकाण, कच्छमधलं मुंद्रा. तिथल्या मोठ्या कोळसा-वीज प्रकल्पाला २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तेही ‘जागतिक बँकेचं’. प्रत्यक्षात ते आयएफसीचं होतं. समुद्राचं पाणी तापतंय, मासळी कमी होतेय, कोळशाची धूळ सुकत घातलेल्या मासळीवर बसतेय, अशी तक्रार घेऊन मच्छीमार निघाले, तर त्यांच्यासाठी पॅनेलचं दार नव्हतं. पॅनेल फक्त आयबीआरडी आणि आयडीएसाठी आहे. आयएफसीसाठी १९९९ पासून वेगळं तक्रार-कार्यालय आहे, सीएओ नावाचं. त्यानं तपास करून आयएफसीच्या देखरेखीत उणिवा दाखवल्या. त्यावर पुरेशी कृती झाली नाही असं वाटलेल्या मच्छीमारांनी अमेरिकेतल्या न्यायालयात आयएफसीवर दावा लावला.

पहिला प्रश्न आला तो व्याख्येचाच. अमेरिकेच्या १९४५ च्या कायद्यानुसार आंतरराष्ट्रीय संघटनांना परकीय सरकारांइतकंच संरक्षण मिळतं. १९४५ मध्ये ते संरक्षण जवळपास पूर्ण होतं. पुढं परकीय सरकारांनाही व्यापारी व्यवहारांबाबत ते उरलं नाही. मग आयएफसीला आज जुनं पूर्ण संरक्षण आहे की नवं मर्यादित? ‘जाम विरुद्ध इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन’ या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की संरक्षण आजच्या नियमाइतकंच. मुंद्र्याच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी जगभरच्या विकास-वित्त संस्थांना लागू पडेल असा निकाल मिळवला.

त्या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सुचवलं, की प्रत्येक विकास बँकेचं कर्ज ‘व्यापारी’ ठरेलच असं नाही. सरकारांना सशर्त कर्ज देणाऱ्या बँकेचा व्यवहार कदाचित तसा ठरणार नाही. म्हणजे ‘विकासासाठी कर्ज देणारी संस्था’ हा एकच शब्द वापरून भागणार नाही. कुणाला, कोणत्या भूमिकेत, कोणत्या अटींवर, हे पाहावं लागेल. पुढं २०२० मध्ये खालच्या न्यायालयानं मुळात घडलेली कृती अमेरिकेतली नाही म्हणून दावा फेटाळला, २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निर्णय कायम केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण पुन्हा ऐकायला नकार दिला. मच्छीमारांना भरपाई मिळाली नाही. पण धनको म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न वकिलांच्या कपाटातून निघून बंदरावरच्या माणसाच्या हातात आला.

तीन ठिकाणं, लोकांच्या तोंडी एकच नाव, आणि तीन वेगळे रस्ते. मणिबेलीला दार नव्हतं, कुर्ल्याला एक दार होतं, मुंद्र्याला दुसरं. चुकीच्या दारावर थाप मारण्यात गरिबाची वर्षं जातात.

वालीवारस

आपल्या दस्तातली वालीवारसांची ओळ इथंही लागते. अजिंठा-वेरूळ परिसराचं जतन आणि पर्यटन विकास यासाठी जपानकडून कर्ज आलं. १९९२ मध्ये पहिल्या टप्प्याचं कर्ज देणारी संस्था होती परदेशी आर्थिक सहकार्य निधी, इंग्रजी आद्याक्षरांनी ओईसीएफ. १९९९ मध्ये ती जपानच्याच निर्यात-आयात बँकेशी एकत्र होऊन जेबीआयसी झाली, आणि २००३ मध्ये दुसऱ्या टप्प्याचं कर्ज तिनं दिलं. ऑक्टोबर २००८ मध्ये विकास-कर्जांचं काम जायका या संस्थेकडे गेलं. मुंबईची भुयारी मेट्रो आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू यांच्यामुळे जायका हे नाव मराठी माणसाला ओळखीचं झालं, पण लेण्यांसाठी घेतलेल्या पैशाचा हिशेब तीन नावांखालून वाहत आला आहे.

तीस-चाळीस वर्षांच्या कर्जात धनको बदलणार हे गृहीतच धरायला हवं. ऋणकोही बदलतो. १९५९ साली कोयना मुंबई राज्यात होती, १९६२ साली महाराष्ट्रात. व्याख्येत ‘आणि कायद्यानं येणारे उत्तराधिकारी’ हे शब्द असले तर बदल सुरळीत होतो. मात्र उत्तराधिकारी कोण चालेल, हेही लिहिलेलं असावं. विकासासाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेला दिलेल्या सवलती, तिनं ते कर्ज एखाद्या खासगी गुंतवणूकदाराला विकलं तर त्याच्याकडे जाव्यात का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. सवलत नावाला दिली आहे, कागदाला नव्हे.

नावावर किती अवलंबून असतं ते श्रीलंकेनं पाहिलं. एप्रिल २०२२ मध्ये तिनं परदेशी कर्जांची फेड थांबवली आणि धनकोंशी वाटाघाटी सुरू झाल्या. अशा वेळी सरकारी धनको एका रांगेत बसतात आणि व्यापारी धनको दुसऱ्या. चीनची एक्झिम बँक सरकारी रांगेत आली आणि चायना डेव्हलपमेंट बँक व्यापारी रांगेत, दोघींचा मालक चीनचं सरकार असूनही आणि दुसरीच्या नावातच ‘विकास’ हा शब्द असूनही. कोणत्या रांगेत कोण, यावर किती सूट द्यायची आणि कधी, हे ठरतं. करार करतानाच ‘विकास वित्तसंस्था म्हणजे अमुक, तिच्यावर सरकारी धनकोचे नियम लागू’ असं लिहिलं असतं, तर संकटाच्या काळात रांगांवरून घासाघीस करावी लागली नसती.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहारी आहे. फेड तर केंद्र सरकार करतं, मग गावाला धनकोच्या नावाचं काय? याला कोयनेचं, कुर्ल्याचं आणि मुंद्र्याचं उत्तर देऊन झालं आहे. नाव बदललं की व्याज, फेडीची मुदत आणि तक्रारीचं दार बदलतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. विकास बँकांना न्यायालयांपासून संरक्षण मिळतं ते कारणाशिवाय नाही. प्रत्येक कर्जदार देशाच्या न्यायालयाला त्यांच्यावर हुकूम काढता आले, तर सरकारं बदलली की कर्जं बुडतील, बँकेला बाजारातून पैसा महाग मिळेल आणि त्याची किंमत पुढच्या गरीब देशाला मोजावी लागेल. हे मला पटतं. आयडीएचा सवलतीचा पैसा भारतानं पाच दशकं वापरला, तो याच विश्वासावर उभा होता. पण संरक्षण जितकं मोठं, तितकी व्याख्या अरुंद हवी. ज्याला कोर्टात सहज खेचता येत नाही त्यानं निदान आपलं पूर्ण नाव, आपली भूमिका आणि आपल्याकडे तक्रार करायची जागा स्पष्ट सांगितली पाहिजे. संरक्षणाच्या बदल्यात लोकांनी मागावी अशी ही सर्वांत छोटी गोष्ट आहे.

पाटीवर काय असावं

म्हणून माझी मागणी दोन कागदांची आहे.

एक कागद करार. त्यातल्या धनकोच्या व्याख्येत पाच गोष्टी असाव्यात: संस्थेचं पूर्ण नाव, ती ज्या स्थापना-करारानं अस्तित्वात आली तो करार, ती स्वतःच्या पैशानं उभी आहे की दुसऱ्या निधीची विश्वस्त म्हणून, तिच्या जागी कोण येऊ शकतो आणि कोण नाही, आणि तिच्या समूहातल्या कोणत्या संस्थांशी कर्जदार या करारानं बांधला जातो. या कराराचं मराठी भाषांतर राज्य सरकारनं प्रसिद्ध करावं आणि ज्या ग्रामपंचायतीत पैसा येतो तिथं ते ठेवावं. इंग्रजी प्रत बँकेच्या संकेतस्थळावर मिळते हे खरं, पण ती ग्रामसभेत वाचून दाखवता येत नाही.

दुसरा कागद म्हणजे गावातली पाटी. तिच्यावर ‘जागतिक बँक अर्थसहाय्यित’ एवढंच असू नये. कर्ज देणार: आंतरराष्ट्रीय पुनर्रचना आणि विकास बँक. कर्ज घेणार: भारत सरकार. काम करणार: महाराष्ट्र शासन, अमुक विभाग. कर्जाचा क्रमांक आणि तारीख. तक्रार कुठं करायची: आधी तालुक्यात कुणाकडे, मग राज्यात कुणाकडे, आणि तरीही दाद लागली नाही तर तपासणी मंडळाचा पत्ता. मोजक्या ओळी. रंगाचा खर्च थोडा वाढेल.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी तेव्हा अर्धं उत्तर दिलं. आज दिलं असतं ते असं: आजोबा, हिची शाखा तालुक्याला नाही. तिच्याशी करार दिल्लीनं केला आहे आणि फेड तुमच्या-माझ्या करातून होणार आहे. कामात चुकलं तर आधी कृषी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. तिथं ऐकलं नाही तर या बँकेचं तक्रारीचं एक दार आहे, आणि ते नर्मदेकाठच्या माणसांनी लढून उघडून घेतलं आहे. फक्त अर्जावर बँकेचं नाव पूर्ण लिहा, दस्त लिहिणारा लिहितो तसं, अक्षर न अक्षर ताडून.